आप्पांचा घडीचा गज

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. जे मला ओळखतात ते हसतील – सुरतेच्या पांडेसऱ्यात अशी कुठली चहाची टपरी आहे जिथे मी एका कटिंगवर तीन लढाया जिंकलेल्या नाहीत? माझा आवाज चढला की डाईंगचा बॉयलर घाबरून थंड पडतो, असं लोक म्हणतात. म्हणजे, मीच म्हणतो. असा माणूस काही सांगायचं शिल्लक ठेवेल कसा? पण ठेवलंय. आणि खरं सांगू – बडबड्या माणसाइतकी लपायला सोयीची जागा दुसरी नाही. गप्प बसणाऱ्याकडे लोक टक लावून पाहतात, याच्या मनात काय चाललंय म्हणून. माझ्याकडे कोण पाहणार? सगळे ऐकण्यात गुंग.

तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. खोलीत दुसरं कोणी नाही, हे एक. बायको जाऊन बराच काळ झाला. मुलगी बारडोलीला तिच्या संसारात. फोनवर माझी गोष्ट सुरू झाली की ती "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहते आणि मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तेव्हा तुम्हीच बसा जरा.

आधी एक छोटं खोटं सांगून टाकतो, म्हणजे मोठ्याला वाट होईल. मी फौजेत नव्हतो. मला सगळे सुभेदार म्हणतात. रिक्षावाले म्हणतात, भाजीवाली म्हणते, घरमालकाने वीजबिलाच्या तगाद्यातही "सुभेदारसाहेब" म्हटलंय. माझी मिशी अशी की सायकलला हँडल म्हणून बसवावी. पण फौज मी पाहिली ती बाहेरून. तरुणपणी धुळ्याला भरतीला गेलो होतो. पळताना छातीत कळ आली, मैदानाच्या कडेला बसून ओकलो, आणि कोणी "काय झालं" विचारायच्या आत गर्दीतून निघून आलो. इतकंच माझं सैनिकी आयुष्य. तिथून खानदेशातले सगळे येतात तसा सुरतेला आलो, लूमवर राबलो, कान बधिर झाले तेव्हा गार्डची वर्दी चढवली. वर्दी अंगावर आल्यावर मिशीने बाकीचं काम केलं.

गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने आमच्या डाईंग मिलच्या शेठला सांगितलं होतं, फाटकावर दोन्ही माणसं माजी सैनिक देतो. दोघांत एक होता. त्यांचं नाव शांताराम आप्पा.

आप्पा अमळनेरकडचे. अंगाने वाळलेले, बोलणं मोजकं. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी बंदूक होती, माझ्याकडे काठी. मग लोक विचारणारच ना, सुभेदार, तुम्ही एवढे मोठे लढवय्ये, तुमच्याकडे बंदूक का नाही? त्यावर माझं उत्तर तयार असायचं. डोळे मिटायचे, एक उसासा सोडायचा. "हातून फार माणसं गेली रे. आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा घोड्याला बोट लावणार नाही." ऐकणाऱ्याचा चहा हातात गार व्हायचा. एकदा एक रंगारी तर रडला!

आणि आप्पा हे सगळं शेजारच्या स्टुलावर बसून ऐकायचे.

त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. खऱ्या सैनिकाला कळत नाही होय? मी बर्फात बूट काढून झोपल्याची आणि गोठलेली मिशी मोडून चहात घातल्याची गोष्ट सांगत होतो, तेव्हा ते नुसते बंदुकीच्या पट्ट्याकडे पाहत बसले होते. माझी पाचावर धारण. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि सुभेदारकी संपली. पण लोक पांगले, आणि आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बूट काढीसन झोपनू, असं नको सांगू. तठे बूट कोनी काढत नाही. पाय सुजतस, सकाळी बूट चढत नाही."

मग ते म्हणाले, "बाकी चांगलं सांगस तू."

तुम्हाला समजतंय का हे काय होतं? हा माणूस माझं खोटं दुरुस्त करून देत होता, म्हणजे मी दुसऱ्या कुणाकडून पकडला जाऊ नये. त्यानंतर हे नेहमीचं झालं. मी सांगायचो, ते ऐकायचे, आणि सगळे गेले की एखादी बारीकशी खरी गोष्ट माझ्या हातात ठेवायचे. पहाऱ्यावर विडीचं जळतं टोक तळहातात कसं झाकतात. थंडीत बंदुकीचं लोखंड उघड्या बोटाला कसं चिकटतं. आलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचून त्याच्या घड्या कशा फाटतात. स्वतःबद्दल म्हणून ते कधी काही सांगायचे नाहीत. मला द्यायचे, मी वापरावं म्हणून. जगात एकच माणूस होता ज्याला मी कोण हे ठाऊक होतं, आणि तो रोज माझ्या शेजारी बसून भाकरी खायचा. तेव्हा मला याची किंमत कळली का? छे. मला वाटायचं माझी गोष्टच इतकी भारी आहे.

आता गजावर येतो. येतो, येतो. टाळत नाहीये.

आप्पांकडे बंदुकीची नळी साफ करायचा घडीचा गज होता. साधा गज तुम्ही पाहिला असेल – लांब सळई, घरी कोपऱ्यात उभी राहणारी. हा तसा नव्हता. चष्म्याच्या डबीएवढी एक कातडी थैली, आणि तिच्यात सुताराच्या घडीच्या पट्टीसारखे एकमेकांवर मिटलेले पोलादी तुकडे. रानात, डोंगरात, कुठेही बसा, उघडा. प्रत्येक सांधा टक् करून बसायचा आणि बघता बघता हातात सरळ गज. टोकाला फिरवून बसवायचं पितळी नेढं, त्यात सुती चिंदी ओवायची, तेलाचा थेंब, आणि नळीतून एक सरळ फेरी. त्यांच्या फौजेतल्या उस्तादाने निवृत्त होताना तो त्यांना दिला होता. रोज कामावर आल्यावर आप्पा नळ्या साफ करायचे, मग बंदूक कमरेत, बिजागरीशी, मोडून नळ्या उजेडाकडे धरायचे, आणि एक डोळा मिटून आत पाहायचे. देवळात गाभाऱ्याकडे पाहावं तसे. त्या बंदुकीतून सुरतेत एक काडतूसही उडालं नव्हतं. मी चिडवायचो, "आप्पा, नळीत काय चिमण्या घरटं बांधतात?" ते म्हणायचे, "घान नळी म्हनजे घान मानूस." एवढंच.

दसऱ्याला आमच्या मिलमध्ये मोठी पूजा असायची. जेट मशीन, बॉयलर, छपाईची टेबलं, सगळ्यांना झेंडूचे हार. आणि फाटकाजवळ एका टेबलावर लाल कापड घालून आप्पांची दुनळी. शेठ स्वतः तिला कुंकू लावायचे. त्या वर्षी एजन्सीचे मोठे साहेबही येणार होते, फौजेतून निवृत्त झालेले कॅप्टन. आप्पांनी सकाळीच बंदूक लख्ख केली, टेबलावर ठेवली, गजाची थैली बाजूला ठेवली, आणि नळावर तोंड धुवून इस्त्रीची वर्दी घालायला गेले. जाताना मला म्हणाले, "बठ आठे. कोनले हात लावू देऊ नको."

कोणी हात लावला असेल?

छपाई खात्यातली चार-पाच माणसं जमली. नवीन होती, सणाच्या मूडमध्ये होती. "सुभेदार, दाखवा ना, सरहद्दीवर बंदूक कशी साफ करायचे?" आता तुम्हीच सांगा – नाही, तुम्ही नका सांगू. मी सांगतो. मला नाही म्हणता आलं असतं. बंदूक साफ केलेली आहे, इतकंच म्हणायचं होतं. पण समोर पाच जण तोंड उघडून उभे असले की माझं काय होतं ते मलाच कळत नाही. मी थैली उघडली, एका झटक्यात गज उलगडला – टक् टक् टक् – आणि त्यांच्या तोंडून जो "आहा" निघाला, त्यावर मी आठवडाभर जगलो असतो.

चिंदी हवी होती. थैलीतली सुती चिंदी आप्पांनी सकाळी वापरून टाकली होती. पण सुरतेत चिंदीला काय तोटा? पायाखाली कटपीसचा ढीग होता. एक गुलाबी तुकडा उचलला, पॉलिस्टर, वर पिवळ्या फुलांची छपाई. पॉलिस्टर तेल पीत नाही, नळीत गोळा होतं – हे बंदूकवाल्या कुणालाही माहीत असतं. दुनळीची नळी तोंडाशी किंचित निमुळती असते, हेही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी बोलत होतो ना! डोंगर, धुकं, समोरून शत्रूचे गोळे, आणि मी एका हाताने नळी साफ करतोय. बंदूक मोडून मागून जोरात गज घुसवला. चिंदीचा गोळा नळीच्या तोंडाशी जाऊन अडकला. ओढला, येईना. फिरवला, उलट बाजूला फिरवला, आणि गज मोकळा बाहेर आला. टोकाचं पितळी नेढं चिंदीसकट आत राहिलं.

त्या माणसांना काहीच समजलं नाही. टाळ्या वाजवून गेली. तेवढ्यात आप्पा येताना दिसले. इस्त्रीची वर्दी, छातीवर रंगीत फितींची पट्टी. ती पट्टी ते वर्षातून एकदाच लावायचे. मी गज मिटून खिशात टाकला, रिकामी थैली होती तिथे ठेवली, आणि बंदूक खटकन बंद केली.

तिकडून भटजींची हाक आली, शेठ निघाले. आप्पा घाईने हार सारखा करत मला म्हणाले, "नळी एकदा पाहू का?"

"पाहिली मी," म्हणालो. "आरसा आहे आप्पा, आरसा. मिशी विंचरून घ्या."

ते हसले. माझ्यावर विश्वास ठेवून हसले.

पुढचं मला तुमच्याकडे न बघता सांगू द्या. पूजा झाली, शेठनी कुंकू लावलं, प्रसाद वाटला. कॅप्टनसाहेबांनी सवयीने बंदूक उचलली, हार बाजूला केला, कमरेत मोडली आणि नळ्या आकाशाकडे धरल्या. त्यांच्या एका डोळ्यावर उजेडाचं गोल चकतं पडलं. एकच. दुसरं पडायला हवं होतं.

साहेबांनी गज मागितला. आप्पांनी थैली उघडली, ती रिकामी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गज माझ्या खिशात होता, मांडीला लागत होता. त्या नजरेत राग नव्हता, तुम्हाला शपथेवर सांगतो – माझ्या शपथेला काय अर्थ, पण तरी. ते नुसते पाहत होते, काहीतरी समजून घेत असल्यासारखे. मी काय केलं? छताकडे पाहिलं. छत कसलं, मांडव होता. मांडवाकडे पाहिलं.

कोणीतरी रंग ढवळायची काठी आणली, तोंडाकडून ठोसली, आणि त्या गुलाबी पॉलिस्टरचा गोळा भद्दकन लाल कापडावर पडला. पिवळी फुलं उमललेली. मग शेठ म्हणाले, "आ शुं, फौजी? बैरीनी साडी?" – म्हणजे बायकोची साडी – आणि अख्खी मिल हसली. मशीनं बंद होती त्या दिवशी. नाहीतर आमच्याकडे हसणं ऐकू येत नाही. तेव्हा आलं.

"किसने साफ किया?" साहेबांनी विचारलं.

आप्पा ताठ उभे होते, टाचा जुळलेल्या. "मैंने, साब."

मी चार पावलांवर होतो. खोटं कसं बोलायचं हे मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं, पण ते बोलले. एकदाच, आणि माझ्यासाठी. आता कोणी म्हणेल, परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या भरवशावर सोडली हा त्यांचाच दोष निघाला असता, म्हणून ते गप्प राहिले असतील. मी पुष्कळ दिवस हे मनाशी घोकून पाहिलं. घोकताना बरं वाटायचं. पण मी तिथे उभा होतो, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. तसं नव्हतं ते.

त्याच दिवशी त्यांना फाटकावरून उतरवलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल, हाच तो दोष. भित्रेपणा केला, गप्प बसला. हाच असता तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि त्याचीही गोष्ट केली असती. खरं पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळे माझ्याभोवती. "सुभेदार, तुम्ही फौजेतले. सांगा, फौजी माणसाच्या नळीत साडी कशी?" सगळे थांबलेले. चहावाल्यानेही स्टोव्ह बारीक केला. मला "काय माहीत" म्हणता आलं असतं. "चूक होते माणसाची" म्हणता आलं असतं. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "कोण फौजी? शांताराम? अरे, तो लंगरात कांदे चिरायचा!"

काय हसले लोक! मग मला थांबवणार कोण? मी सांगितलं, कांदे चिरून डोळ्यातून पाणी यायचं ते पुसायच्या चिंद्या हा खिशात ठेवायचा, तीच सवय. फिती चोरबाजारातून घेतल्या म्हणालो. बंदूक धरायला तर इथे फाटकावर मीच शिकवलं म्हणालो. आणि कोणी शंका काढली तेव्हा – ऐका हं – मी आप्पांनीच दिलेल्या त्या बारीकशा खऱ्या गोष्टी बाहेर काढल्या. विडीचं टोक तळहातात. लोखंडाला चिकटणारं बोट. बूट न काढता झोपणं. "खऱ्या फौजीला हे माहीत असतं," म्हणालो. "विचारा त्याला. एक तरी गोष्ट त्याने तुम्हाला कधी सांगितली का?" नव्हती सांगितली. सगळ्या मलाच दिल्या होत्या.

आप्पांकडे कागद होते, पेन्शन येत होती. पण टपरीवर कागद कोण मागतं? तिथे हशा चालतो. माझी गोष्ट पांडेसऱ्यातून लिंबायतला गेली, तिथून नवागामला, आणि सुट्टीला गावी जाणाऱ्यांबरोबर थेट अमळनेरकडे. आप्पांचा एक भाचा आमच्याच मिलमध्ये होता. त्याने मला सांगितलं – मला! शहाण्या माणसाचा सल्ला घ्यावा म्हणून – की मामा आता गावीच असतात; तिथे झेंडावंदनाला दरवर्षी त्यांना मान असायचा, पंधरा ऑगस्टला ध्वजाची दोरी त्यांच्या हातात द्यायचे. यंदा कोणी बोलावलं नाही. पोरं त्यांना "कांदा फौजी" म्हणतात. मामा कुणाशी भांडत नाहीत, मामी रडते. "सुभेदार, तुमचं लोक ऐकतात. तुम्ही दोन शब्द बोला ना."

मी म्हणालो, बोलतो.

गज माझ्याकडेच राहिला. ट्रंकेत आहे. टोकाचं पितळी नेढं आप्पांनी त्या दिवशी लाल कापडावरून उचलून खिशात घातलेलं मी पाहिलं होतं, ते त्यांच्याकडे असेल. माझ्याजवळच्या गजाला टोक नाही, त्यांच्याजवळच्या टोकाला गज नाही. सांधे मात्र अजून टक् करून बसतात. मी कधी कधी उलगडतो, मिटतो. तुम्हाला वाटेल पश्चात्ताप. कशाचा? मला तो आवाज ऐकायला आवडतो, इतकंच.

गोष्टी मी अजूनही सांगतो. लोक जमतात, हसतात, जातात. गेले की स्टूल रिकामं असतं आणि मी एखादी चूक केली असेल तर ती चूक तशीच राहते. कोणी म्हणत नाही, बूट काढून झोपलो असं नको सांगू.

गेल्या हंगामात मुलीकडे निघालो होतो. चलथाणला बस अडकली. साखर कारखान्याकडे वळणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पाय मोकळे करायला उतरलो. फाटकाजवळ एक म्हातारा शिट्टी तोंडात धरून गाड्या लावत होता. अंगात एजन्सीची ढगळ वर्दी, हातात काठी. बंदूक नाही. पण पाठ! अशी पाठ मी एकाच माणसाची पाहिलीये.

मी उसाच्या ट्रकच्या आड गेलो. आपोआप गेलो, विचारही करावा लागला नाही. तिकडे एक ट्रकवाला, नंदुरबारकडचा असावा, खिडकीतून वाकून विचारत होता, "बाबा, चाल तर तुमची कडक आहे! मिलिटरीत होते का काय?"

आप्पांनी शिट्टी काढली. मला वाटलं – काय वाटलं ते जाऊ द्या.

"नाही हो भाऊ," ते म्हणाले. "मी कुठला मिलिटरीत." आणि पुढच्या गाडीला हात केला.

आवाज दुखावलेला नव्हता. कुणी गाव विचारावं आणि माणसाने सांगावं, तसा साधा. माझ्या आयुष्यात मी सांगितलेल्या हजारो गोष्टींतली सर्वांत खोटी गोष्ट, आणि ज्याच्याबद्दल सांगितली त्यानेही ती मानून घेतली होती. मी ट्रकच्या चाकाशी उभा होतो. त्यांच्यात आणि माझ्यात एका ट्रकची लांबी. ट्रक हलला तेव्हा मी दुसऱ्या ट्रकच्या आड झालो. मग बसमध्ये जाऊन बसलो. मुलीने विचारलं, बाबा, उशीर का झाला? मी तिला सांगितलं, वाटेत एक बैल उधळला होता, मी त्याला शिंगाला धरून आवरलं. नातवंडं खूश झाली.

शांताराम आप्पा फौजेत होते. मी नव्हतो. त्या सकाळी त्यांची नळी स्वच्छ होती, आणि चिंदी तिच्यात मी घातली.